स्ट्रॅटफर्डला जाताना एकदा मान वर करा

प्रति,
बर्मिंगहॅम, सॉलिहल, कॉव्हेंट्री, लेमिंग्टन आणि आसपासची समस्त मराठी मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यात पाहुणा. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे, आता परतीचे दिवस मोजतो आहे. पाहुण्यानं यजमानांना पत्र लिहून चार गोष्टी सुनावणं रीतीला धरून नाही, हे मला कळतं. पण पस्तीस वर्षं कालव्यावर नोकरी केलेल्या माणसाला पाणी दिसलं की गप्प बसवत नाही.

तुम्ही सगळे पाहुण्यांना घेऊन स्ट्रॅटफर्डला जाता. बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीटवरून गाडी धरायची, शेक्सपिअरच्या घराचा बाहेरून फोटो काढायचा, तिकीट बघून आत जायचं की नाही यावर फुटपाथवर चर्चा करायची, नदीवर बदकांना दाणे टाकायचे, आइस्क्रीम खायचं आणि परत. मलाही असंच नेलं. हेन्ले-इन-आर्डनवरून जाणाऱ्या गाडीनं वूटन वॉवेन नावाचं छोटंसं स्टेशन सोडलं की थोड्याच वेळात ती एका पुलाखालून जाते. विटांचे खांब झर्रकन दोन्ही बाजूंनी निघून जातात. डबा मोबाइलमध्ये असतो. त्या पुलावर रस्ता नाही, रूळही नाहीत. त्यावर पाणी आहे. तुमच्या डोक्यावरून एक कालवा जातो, त्यात बोटी चालतात, आणि तुम्ही त्याच्याखालून दहा-दहा वेळा जाऊनही वर पाहिलेलं नाही.

त्याचं नाव एडस्टोन जलसेतू. बेअर्ली गावाजवळ आहे म्हणून काही जण बेअर्लीचा जलसेतूही म्हणतात. मध्यंतरी आपल्या एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मला कुणीतरी विचारलं, "काका, काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "बिडाचा पूल." रांगेत हशा पिकला. "काका, लंडन राहिलं की!" हे पत्र त्या हशाचं उत्तर समजा.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपल्याकडे घावन-आंबोळ्यांसाठी बिडाचा तवा असतो, तेच. तुमच्यातल्या पुष्कळांनी तो विमानातून सामानाच्या वजनाची पर्वा न करता इथवर आणलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. बिडाचा स्वभाव घरातल्या बायकांना ठाऊक असतो. ते वर्षानुवर्षं टिकतं, तापल्यावर उष्णता धरून ठेवतं, पण हातून फरशीवर पडलं तर वाकत नाही, सरळ दोन तुकडे होतात. दाब कितीही द्या, सोसतं. ताण आणि धक्का त्याला सोसत नाही. अशा धातूची ४७५ फूट लांबीची, म्हणजे जवळजवळ १४५ मीटरची पन्हळ करून ती विटांच्या उंच खांबांवर ठेवली, आणि दोनशे वर्षं तिच्यातून पाणी वाहतं आहे. इंग्लंडमधला हा सगळ्यात लांब बिडाचा जलसेतू. वेल्समधला पाँटकसिल्टे याच्या दुपटीहून लांब आहे, फार उंच आहे, २००९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तिथे तुम्ही जाऊन आलेले आहात, कारण तिथले फोटो चांगले येतात. एडस्टोनला गर्दी नाही. कुंपणं, गवत, मेंढ्या आणि मधेच एक बोट.

मी गेलो तो गुरुवार होता. मुलगा कामावर, म्हणून एकटाच वूटन वॉवेनला उतरलो आणि कालव्याकाठची वाट धरली. इथे तिला टोपाथ म्हणतात. पूर्वी बोटी ओढणारे घोडे तिच्यावरून चालत. बाकी कालव्यावर ही वाट पाण्याच्या काठाला असते, पण जलसेतूवर आलो आणि एकदम खाली उतरल्यासारखं झालं. इथे वाट पन्हळीच्या तळाच्या पातळीला ठेवली आहे. म्हणजे आपण चालतो ते पन्हळीच्या बुडाशी, आणि पाणी आपल्या शेजारी छातीच्या आसपास. मध्ये फक्त एक लोखंडी भिंत. मी तिला तळहात लावला. गार होती आणि किंचित ओलसर, गणपतीच्या दिवसांत माठाला हात लावल्यावर लागते तशी. सांध्यासांध्यावर बोल्ट, एकेक पत्रा दुसऱ्याला जोडलेला. एक बदक माझ्या खांद्याशेजारून पोहत गेलं आणि मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मीच चुकून खाली आलोय. मग एक नॅरोबोट आली, म्हणजे इथल्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट. सुकाणूवरचे आजोबा माझ्यापेक्षा वयानं मोठे असावेत. त्यांचे बूट माझ्या नाकासमोरून गेले. "मॉर्निंग!" वरून आवाज आला. मी मान वर करून नमस्कार केला, अगदी हात जोडून. दुसरं काही सुचलंच नाही.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा, पण मुलांना जरूर वाचून दाखवा, कारण शाळेत शिकवलेलं आर्किमिडीजचं तत्त्व इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

नॅरोबोट सात फूट रुंद. पन्हळ तिच्यापेक्षा थोडीच रुंद. हात आखडून हिशेब केला तरी प्रत्येक मीटर लांबीत तीन टन पाणी धरावं लागेल. १४५ मीटरना गुणा, चारशे टनांच्या वर गेलात. हे वजन रात्रंदिवस खांबांवर बसलेलं आहे. आता सांगा, पंधरा टनांची बोट त्यात शिरली की पुलावरचा भार किती वाढला? बी.ई. झालेल्या माझ्या मुलानं "पंधरा टन" असं उत्तर दिलं आणि मग स्वतःच कपाळावर हात मारला. भार वाढतच नाही. बोट स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, ते पाणी कालव्यात पुढे-मागे निघून जातं, आणि पुलाला पत्ताच लागत नाही की बोट आली. रेल्वेच्या पुलाचं असं नसतं. तिथे गाडी येते, धडधडते, जाते, दर वेळी गर्डर ताणला जातो आणि सैल होतो. याच बिडाचे गर्डर घालून रॉबर्ट स्टीफन्सन नावाच्या इंजिनिअरनं चेस्टरजवळ डी नदीवर रेल्वेचा पूल बांधला. १८४७ च्या मे महिन्यात तो गाडीसकट कोसळला, पाच माणसं गेली. धातू तोच, त्याला दिलेलं काम चुकीचं. एडस्टोनच्या पन्हळीला तिच्या स्वभावाला साजेल असं संथ, न बदलणारं ओझं मिळालं, म्हणून ती अजून उभी आहे.

हा स्ट्रॅटफर्ड कालवा स्ट्रॅटफर्डपर्यंत पोचला १८१६ साली. काम सुरू झालं होतं १७९३ मध्ये, मधे पैसे संपले, पुन्हा गोळा केले, पुन्हा संपले. (वाचताना मला आपल्या अर्धवट धरणांची फार आठवण झाली.) शेवटच्या टप्प्याचा इंजिनिअर विल्यम व्हिटमोर. त्यानं याच कालव्यावर असाच एक छोटा बिडाचा जलसेतू वूटन वॉवेनला हमरस्त्यावर बांधला, त्यावर १८१३ ची पाटी आहे. मोटारीनं स्ट्रॅटफर्डला जाता तेव्हा त्याच्याखालूनही तुम्ही जाता, आणि उंच ट्रक कधीकधी त्याला धडकतात. म्हणजे मान वर न करणारे तुम्ही एकटे नाही.

पण खरी मजा एडस्टोनच्या पायथ्याशी आहे. तिथे पुलाखाली तीन वाटा आहेत. एक गावचा छोटा रस्ता. दुसरी चालू रेल्वे, तुमची स्ट्रॅटफर्डची, जी १९०८ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली. आणि तिसरी वाट नीट बघितल्याशिवाय कळत नाही. झाडोऱ्यातून जाणारा एक सपाट पट्टा आहे, त्यावर रूळ नाहीत. ती अल्सेस्टर रेल्वे.

बेअर्लीपासून अल्सेस्टरपर्यंतची ही छोटी शाखा १८७६ मध्ये सुरू झाली. जलसेतू तिच्याआधी साठ वर्षं तिथे उभा होता, रेल्वेनं मुकाट्यानं त्याच्या खांबांमधून वाट काढली. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या सुरुवातीला, लोखंड लढाईला हवं म्हणून तिचे रूळच उखडून नेले. १९२२-२३ मध्ये पुन्हा घातले. १९३९ मध्ये नेहमीची प्रवासी वाहतूक बंद झाली, दुसऱ्या युद्धात ग्रेट आल्नच्या कारखान्यातले कामगार काही वर्षं तिनं जा-ये करत, आणि १९५१ मध्ये ती कायमची मिटली. तुमच्यात कुणी यवतमाळ-मूर्तिजापूरकडचे असतील तर तिकडच्या शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेची आठवण येऊन त्यांना पोटात कालवलं असेल. मलाही.

याच ठिकाणी पूर्वी पन्हळीच्या बाजूला एक पाइप बसवलेला होता. इंजिन पुलाखाली येऊन थांबायचं आणि वरच्या कालव्यातून पाणी भरून घ्यायचं. गंमत बघा. रेल्वेमुळे कालव्याचा धंदा बसला. एका रेल्वे कंपनीनं १८५० च्या दशकात कालवाच विकत घेतला आणि पुढे तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पदरात पडल्यावर त्याच्याकडे फारसं लक्षही दिलं नाही. आणि इंजिनाला तहान लागली की पाणी मात्र त्याचंच. सवतीनं उंबऱ्यात उभं राहून "जरा तांब्याभर पाणी दे गं" म्हणावं, तसं. मी खांबाला टेकून त्या रिकाम्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत होतो. पाणी पिणारी गाडी गेली, तिचे रूळ गेले, आणि पाजणारा वर तसाच वाहतो आहे.

तो तसाच राहिला यात मात्र नशिबाचा भाग थोडा आणि माणसांच्या हट्टाचा जास्त, आणि त्यासाठीच हा सगळा पत्रप्रपंच.

१९५० च्या दशकात कालव्याचा दक्षिणेकडचा तेरा मैलांचा, छत्तीस लॉक (बोटी वर-खाली न्यायच्या, दरवाजे असलेल्या पाण्याच्या पायऱ्या) असलेला भाग गाळानं भरला होता, दरवाजे कुजले होते. विल्मकोटजवळ एक जुना पूल नवा बांधायचा होता. खाली बोटी जातील एवढी उंची ठेवायची तर खर्च वाढणार, म्हणून वॉरिकशायरच्या काउंटी कौन्सिलनं कालवा अधिकृतपणे मोडीत काढायची परवानगी मागितली. कारण दिलं की तीन वर्षांत कुणी वापरलेलाच नाही. मग कालवाप्रेमी मंडळींनी एक कागद पुढे केला, वल्ह्याच्या छोट्या होडीनं या कालव्यातून गेल्याबद्दल भरलेल्या पैशांची पावती. तारीख तीन वर्षांच्या आतली. १९५९ मध्ये सरकारनं परवानगी नाकारली. एवढ्याशा चिठोऱ्यानं तेरा मैलांचा कालवा वाचवला. ज्यांनी सरकारी कचेरीत आयुष्य काढलं आहे त्यांना या पावतीचं मोल कळेल. आपल्याकडे असे कागद आपण बसच्या तिकिटासारखे चुरगाळून टाकतो.

पुढे जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं १९६० मध्ये कालवा भाडेपट्ट्यानं घेतला. डेव्हिड हचिंग्ज नावाच्या माणसानं काम अंगावर घेतलं, आणि त्यानं जी माणसं जमवली ती यादी वाचून मी हसलो. सुट्टीच्या दिवशी येणारे हौशी लोक, सैन्यातले जवान, आणि बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगातले कैदी. चिखलात उभं राहून त्यांनी गाळ उपसला, लॉकचे दरवाजे बसवले. ११ जुलै १९६४ रोजी राजमातेच्या हस्ते कालवा पुन्हा सुरू झाला. ते शेक्सपिअरच्या जन्माचं चारशेवं वर्ष होतं, त्यामुळे स्ट्रॅटफर्डमध्ये तसाही मांडव घातलेलाच होता.

प्रत्येकाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. डर्बीशायरमध्ये क्रॉमफर्ड कालव्यावर बुलब्रिजला असाच एक जलसेतू होता. १८४० च्या सुमारास त्याच्याखालून रेल्वे न्यायची होती, तर जॉर्ज स्टीफन्सननं नवी लोखंडी पन्हळ कालव्यातूनच तरंगत आणून जागेवर बसवली, म्हणजे बोटींची वाहतूक अडायला नको. कारागिरीचा केवढा नमुना! रस्ता रुंद करण्यासाठी १९६८ मध्ये तो पाडून टाकला. एडस्टोन वाचल्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती.

मला हे टोचतं त्याचं एक खासगी कारण आहे, तेही सांगून टाकतो. नोकरीत असताना माझ्याकडे एक जुना दगडी जलसेतू होता. इंग्रजांच्या काळातला, एका ओढ्यावर, तीन कमानींचा, काही थोर नव्हे. सांध्यांमधून गळायचा. खालच्या शेतकऱ्यानं त्या गळतीवर मेथीचे चार वाफे केले होते आणि पाटकऱ्याला दर आठवड्याला एक जुडी पोचायची. दुरुस्तीचा प्रश्न आला तेव्हा मी टिपणी लिहिली. "सदर बांधकाम कालबाह्य असून दुरुस्तीवरील खर्च किफायतशीर ठरणार नाही." वाक्य अजून पाठ आहे. पाइप टाकला, कमानी पाडल्या, घडीव दगड कुणाच्या तरी गोठ्याच्या जोत्याला गेले. वरच्यांनी फक्त "मान्य" लिहिलं. खालची सही माझी. एडस्टोनच्या भिंतीला हात लावून उभा होतो तेव्हा मला त्या टिपणीचा कागद, त्याचा तो फिकट हिरवा रंग, सगळं आठवलं. चुना आणि सिमेंटनं सांधे भरून तो आणखी पन्नास वर्षं चालला असता. मला ते तेव्हाही माहीत होतं.

आपल्याकडेही पाणी खेळवणारे लोक कमी नव्हते. मलिक अंबरची औरंगाबादची नहर, कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला पेशव्यांचा नळ. त्यांच्याबद्दल आपण सभांमध्ये छाती फुगवून बोलतो आणि नहरीच्या उच्छ्वासात, म्हणजे तिच्यावरच्या हवेच्या झरोक्यांत, कचरा टाकतो. तो विषय वेगळा, आणि त्यासाठी मी तिकडे गेल्यावर तिकडच्या लोकांशी भांडेन. तुमच्याशी बोलायचं ते इथल्या पाण्याबद्दल.

कारण आता तुम्ही इथले आहात. इथे घरं घेतलीत, कौन्सिल टॅक्स भरता, मुलं इथल्या शाळेत जातात आणि आजोबांशी इंग्रजीत बोलतात. आपली ढोलपथकं आहेत, भजनी मंडळ आहे, क्रिकेटचे दोन संघ आहेत, रविवारची मराठी शाळा आहे. सगळं उत्तम. पण सहा महिन्यांत मी एकाही मराठी घरात कालव्याचं नाव ऐकलं नाही, आणि बर्मिंगहॅम तर कालव्यांचंच शहर. दर गल्लीच्या टोकाला पाणी आहे. आपण त्याच्या काठावरच्या हॉटेलात जेवतो, एवढाच आपला संबंध.

हे कालवे २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट नावाची धर्मादाय संस्था सांभाळते. सरकार तिला अनुदान देतं, पण २०२७ नंतर ते दरवर्षी पाच टक्क्यांनी घटत जाणार, असं २०२३ मध्येच जाहीर झालं आहे. दोन हजार मैलांचे जुने कालवे, लॉक, बांध, आणि हातात पैसे कमी. जुन्या बांधकामाला पैसे कमी पडले की पुढे कसली टिपणी लिहिली जाते, ते मी वर सांगितलंच.

पण देणगी हा माझा मुद्दा नाही. ट्रस्टला हात हवे असतात. त्यांचे स्वयंसेवक लॉक चालवतात, दरवाज्यांना रंग देतात, टोपाथवरचं काटेरी झुडूप छाटतात, हिवाळ्यात लॉक कोरडं करायचं असेल तेव्हा मदत करतात. पाणी अडवायला खाचांमध्ये फळ्या सोडतात, त्यांना इथे स्टॉप प्लँक म्हणतात. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गेच ते! सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या कुणी लहानपणी बर्गे घालताना पाहिले आहेत, त्यांना काही शिकवावं लागणार नाही. महिन्यातून एक शनिवार, पाच-सहा घरं. गणपतीच्या मांडवासाठी जेवढी माणसं रात्रभर राबतात त्याच्या चौथाई पुरे.

मराठी शाळेच्या शिक्षकांना वेगळी विनंती. पोरांना एकदा या कालव्यावर आणा. जलसेतू, पन्हळ, पाट, गाळ, बांध, सांडवा हे शब्द पुस्तकातून पाठ करून घेण्यापेक्षा तिथे उभं राहून दाखवा. वाटेत याच कालव्याचे दुभंगलेले पूल दिसतील. दोन्ही बाजूंनी लोखंडी कमान येते आणि मधोमध बोटभर फट सोडलेली असते. ती कशासाठी, हे मुलांना ओळखू द्या. (घोड्याचा दोर फटीतून पलीकडे निघावा म्हणून. पुलाशी आल्यावर दोर सोडायची कटकट नको.) माझी नात आठ वर्षांची आहे, तिला हे कोडं मी घातलं तेव्हा तिनं "पत्र टाकायला" असं उत्तर दिलं होतं.

मी येत्या शनिवारी पुन्हा जातो आहे. मूर स्ट्रीटच्या दारात सकाळी साडेनऊला उभा असेन, डोक्यावर गांधी टोपी, त्यामुळे ओळखू येईन. वूटन वॉवेनला गाडी सांगितल्याशिवाय थांबत नाही, गार्डला आधी सांगावं लागतं, ते काम इंग्रजी बोलणाऱ्या कुणीतरी करावं. उतरल्यावर तास-दीड तास चाल आहे, वाटेत चिखल असतो, पांढरे बूट घालू नका. थालीपीठं माझ्या सुनेनं करायचं कबूल केलं आहे. बिडाच्या तव्यावर.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कालव्यावरचा एक निवृत्त आजोबा
मुक्काम सॉलिहल

ता. क. : लहान मुलं बरोबर असतील तर जलसेतूवर हात धरून ठेवा. टोपाथच्या बाजूला कठडा आहे. पन्हळीच्या पलीकडच्या कडेला काही नाही, वीतभर लोखंड आणि त्यापुढे थेट खाली शेत. कुत्रा आणणार असाल तर त्यालाही बांधा, बदकं खांद्याच्या उंचीवर असतात.